वावरातल्या पेटीपासून घरच्या कूलरपर्यंत : डिजिटल मल्टिमीटर घेताना काय पाहायचं

टेस्टरवर काम भागतं, मग मीटर कशाला, असं खेड्यावर बरेच जण म्हणतात. त्याचं उत्तर मोटरच्या पेटीतच सापडतं. तीनपैकी एक फेज गेला की कास्तकार पेटीत टेस्टर लावतो आणि तिन्ही ठिकाणी टेस्टर उजळतो. त्याच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) शेजाऱ्याची मोटर जोडलेली असते. तिच्या वाइंडिंगमधून चालू फेजचा दाब गेलेल्या फेजच्या तारेवर येतो, आणि टेस्टरला उजळायला तेवढा पुरतो. मग "लाइन आहे" म्हणून स्टार्टर दाबला जातो, मोटर घूं घूं करते आणि जळते. मीटरनं दोन-दोन फेजमध्ये मोजलं असतं तर एका जोडीत ४१५ व्होल्टच्या आसपास आणि उरलेल्या दोन जोड्यांत जवळपास निम्मंच दिसलं असतं.

तेव्हा मीटर घ्यायचाच. कोणता घ्यायचा, ते पुढे क्रमानं सांगतो. हा लेख नव्यानं हात घालणाऱ्यांसाठी आहे : आयटीआय करणारी पोरं, गावात वायरिंगची कामं धरलेले, आणि स्वतःची मोटर स्वतः पाहणारे कास्तकार.

१. दुकानात जाण्याआधी कामं कागदावर लिहा

खोक्यावरची फंक्शनं मोजत बसू नका, आपली कामं लिहा. माझ्या भागात कागद साधारण असा भरतो : घरातला प्लग आणि पंखा, उन्हाळ्यातला कूलर, मोटरसायकलची आणि फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी, इन्व्हर्टर, विहिरीवरची तीन फेजची मोटर, आणि अलीकडे सौर पंप. यातली पहिली चार कामं एका प्रकारची, शेवटची दोन वेगळ्याच प्रकारची. कागदावर मोटर किंवा सौर पंप असेल तर निम्मी निवड तिथंच झाली, कारण स्वस्तातले बरेच मीटर तिथंच बाद होतात.

एक गोष्ट कागदावर लिहूच नका. रानडुकरं आणि रोही अडवायला कुंपणाला लावलेलं झटका मशीन. त्याच्या तारेत साधारण सेकंदाला एक या हिशेबानं हजारो व्होल्टचे ठोके येतात. मल्टिमीटर लावला की मीटर जातो, आणि आकडाही कामाचा मिळत नाही. तारेसाठी कुंपणाचा वेगळा टेस्टर मिळतो. मशीनची बॅटरी आणि छोटं सोलर पॅनल मात्र तारेपासून सोडवून खुशाल मोजा. कुंपणात थेट लाइनची वीज सोडलेली दिसली, तर तिथं मीटरचं काही काम नाही. तो गुन्हा आहे, त्यात माणसंही मरतात आणि वाघही.

२. कॅट पाहा, आणि मगच बाकी सगळं

मीटरच्या तोंडाशी, वायरी घालायच्या भोकांजवळ "कॅट २", "कॅट ३" किंवा "कॅट ४" (इंग्रजीत CAT II, III, IV) आणि पुढे ३००, ६०० किंवा १००० व्होल्ट असं छापलेलं असतं. दुकानात बहुतेक जण व्होल्टचा आकडा पाहतात आणि कॅटचा सोडून देतात. माझ्या मते उलट करायला पाहिजे.

आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६१०१० मधले हे वर्ग आहेत. कॅट २ म्हणजे प्लगला लावलेली उपकरणं. कॅट ३ म्हणजे पक्की वायरिंग, डिस्ट्रिब्यूशन बोर्ड, कायम जोडलेल्या मोटरी. कॅट ४ म्हणजे महावितरणच्या मीटरपाशी आणि त्याच्याही आधी, सर्व्हिस वायर, डीपी. वावरातली पेटी कागदावर कॅट ३ मध्ये बसते. पण आपल्याकडे ती बऱ्याचदा डीपीपासून आलेल्या उघड्या तारांवर थेट टांगलेली असते, म्हणून मी तिला कॅट ४ च्या उंबरठ्यावरच धरतो.

हा भेद कशासाठी? लाइनमध्ये नेहमी २३० किंवा ४१५ व्होल्टच असतात असं नाही. जवळपास वीज कडाडली, डीपी बंद-चालू झाली, मोठी मोटर सुटली, की क्षणभर हजारो व्होल्टची उसळी येते. कॅट ३ चा ६०० व्होल्टचा मीटर ६,००० व्होल्टच्या उसळीवर तपासलेला असतो. कॅट २ चा १००० व्होल्टचा मीटरही ६,००० व्होल्टवरच तपासतात. फरक उसळीमागच्या जोरात आहे. कॅट २ च्या चाचणीत उगमाचा रोध १२ ओहम धरतात, कॅट ३ मध्ये फक्त २ ओहम. म्हणजे मीटरच्या आत ठिणगी पेटलीच तर एकीकडे ५०० अँपिअर, दुसरीकडे ३,००० अँपिअर. सहापट. म्हणून "हा १००० व्होल्टचा आहे भाऊ" असं दुकानदार म्हणाला तरी कॅट २ चा १००० हा कॅट ३ च्या ६०० पेक्षा पेटीसाठी हलकाच.

माझा हिशेब असा : फक्त घर आणि बॅटरी असेल तर कॅट २ चा ६०० व्होल्टचा चालेल. पेटी उघडायची असेल तर कॅट ३, ६०० व्होल्ट, त्याच्या खाली नको. पैसे असतील तर कॅट ४, ६०० व्होल्ट.

छापणं मात्र सोपं आहे. अडीचशे रुपयांच्या मीटरवर "कॅट ३ १००० व्होल्ट" लिहिलेलं दिसेल, त्यावर विश्वास ठेवू नका. मागचं झाकण उघडता आलं तर फ्यूज पाहा. खऱ्या कॅट ३ च्या मीटरमध्ये अँपिअरच्या वाटेवर जाड, वाळू भरलेला सिरॅमिक फ्यूज असतो, त्यावर ६०० किंवा १००० व्होल्ट लिहिलेलं असतं. आत काचेचा बारका, २५० व्होल्टचा फ्यूज दिसला तर बाहेरची छपाई विसरा. फ्यूज उडताना काच फुटते आणि आतला जाळ थांबत नाही.

वायरींवरही कॅट लिहिलेला असतो. मीटर कॅट ३ आणि वायरी साध्या, अशी जोडी झाली तर ती साध्या वायरींइतकीच धरायची. प्रोबच्या टोकावर टोपी असावी, जिच्यातून जेमतेम ४ मिलिमीटर धातू उघडा राहतो. पेटीत दोन टर्मिनल जवळजवळ असतात, लांब उघडं टोक दोन्हींना एकदम टेकलं की संपलं.

३. तो पिवळा मीटर

डीटी-८३०डी हा पिवळा मीटर प्रत्येक तालुक्याच्या गावी दोनशे-तीनशे रुपयांत मिळतो. त्याला सरसकट शिव्या देणाऱ्यांतला मी नाही. बॅटरी, फ्यूज, वायर तुटलीय का हे पाहायला, सर्किट शिकायला तो चांगला आहे. २० व्होल्टच्या डीसी रेंजवर १२.६ व्होल्टची बॅटरी मोजली तर चूक ०.१ च्या आतच राहते. मोटरसायकलची बॅटरी भरलेली आहे (१२.६ च्या वर), उतरली आहे (१२ च्या खाली), गाडी चालू असताना चार्ज होतेय (साधारण १३.८ ते १४.४), एवढं तो नीट सांगतो.

पण त्याच्या १० अँपिअरच्या भोकापाशी "अनफ्यूज्ड", म्हणजे फ्यूज नाही, असं त्यानंच लिहून ठेवलंय. लाल वायर त्या भोकात राहिली आणि तसाच प्लग मोजायला गेलात तर मध्ये काहीही आडवं येत नाही, सरळ शॉर्ट. शिवाय तो एसी करंट मोजत नाही आणि कपॅसिटरही मोजत नाही. पेटीत तो नेऊ नका.

४. अचूकता : टक्का वाचा, पण पुढचा अंकही वाचा

पुस्तिकेत "±१.२ टक्के + १० अंक" असं काहीतरी असतं. नवखे टक्का वाचतात आणि अंक सोडतात. खरी चूक बऱ्याचदा त्या अंकात असते. १९९९ पर्यंतच मोजणारा मीटर २३० व्होल्टसाठी मोठ्या रेंजवर जातो, तिथं तो एक-एक व्होल्टनंच मोजतो. १० अंक म्हणजे तिथं १० व्होल्ट. २३० चे १.२ टक्के सुमारे २.८, वर १०, एकूण जवळपास १३ व्होल्ट. लाइन खरोखर २३० असेल तरी तो २१७ दाखवेल किंवा २४३, आणि दोन्ही वेळा तो आपल्या पुस्तिकेप्रमाणे बरोबरच असेल.

आता ६००० काउंटचा, म्हणजे ५९९९ पर्यंत मोजणारा, "±१ टक्का + ३ अंक" वाला मीटर घ्या. तो २३० ला ०.१ व्होल्टनं मोजतो. चूक २.३ अधिक ०.३, म्हणजे २.६ व्होल्ट. व्होल्टेज कमी मिळतंय म्हणून तक्रार द्यायची असेल, किंवा तीन फेजमधला फरक पाहायचा असेल, तर हा फरक मोठा आहे.

आणि तो टक्काही २३ अंश सेल्सिअसच्या आगेमागे, साधारण १८ ते २८ अंशांत लागू असतो. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश. म्हणजे नवतप्यात बांधावर बसून पुस्तिकेतला टक्का मनात धरू नये. काही मीटरवर वापराची मर्यादाच ४० अंश लिहिलेली असते, ५० अंशांपर्यंत चालणारा शोधा. गाडीच्या डिक्कीत किंवा उन्हात ठेवलेल्या मीटरचा पडदा काळा पडतो. सावलीत आणला की बहुधा परत येतो.

५. ट्रू आरएमएस लागतो कुणाला

आरएमएस म्हणजे एसीचे कामाचे व्होल्ट, तेवढ्याच डीसीइतकी ताकद देणारे. ट्रू आरएमएस मीटर लहर कशीही असली तरी ते नीट काढतो. साधा मीटर लहरीची सरासरी काढून तिला सुमारे १.११ नं गुणतो आणि आरएमएस म्हणून दाखवतो. लहर शुद्ध साइन असेल तर उत्तर बरोबर. महावितरणच्या लाइनवर घरगुती कामासाठी एवढं पुरतं.

गडबड इन्व्हर्टरवर होते. स्वस्त इन्व्हर्टर पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात. समजा पायरीची उंची ३२५ व्होल्ट आहे आणि निम्मा वेळ ती शून्यावर आहे. खरं आरएमएस २३० येतं, पण साधा मीटर १८० दाखवतो. मग गिऱ्हाइकाला "तुमचा इन्व्हर्टर बिघडला" असं सांगून बसाल. पूर्ण चौकोनी लहर असेल तर उलट, तोच मीटर ११ टक्के जास्त दाखवतो. इन्व्हर्टरची कामं करणार असाल तर ट्रू आरएमएस घ्याच. नाहीतर ते पैसे चांगल्या वायरींवर घाला.

६. सौर पंपवाल्यांनी हे वेगळं वाचावं

२०१९ ची पीएम-कुसुम आणि २०२४ ची "मागेल त्याला सौर कृषी पंप" यांमुळे सौर पंप आता गावोगाव दिसतात. पॅनल छोटं दिसतं म्हणून भीती वाटत नाही, आणि तिथंच घोळ होतो. ७२ सेलच्या एका पॅनलचे उघडे व्होल्ट ४५ ते ५० च्या घरात असतात. अशी दहा ओळीनं जोडली की ४५० ते ५००, बारा जोडली की ६०० च्या जवळ. तेही डीसी. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगीला विझायची संधी मिळते. डीसीत शून्य येतच नाही. चालू भारावर वायर ओढली तर ठिणगी लांबत जाते आणि जळत राहते.

शिवाय थंडीत पॅनलचे व्होल्ट वाढतात, अंशाला साधारण ०.३ टक्का. डिसेंबरच्या सकाळी उन्हं पडताना मोजलं तर मे महिन्यातल्या दुपारपेक्षा बराच जास्त आकडा येतो. ६०० व्होल्टची मर्यादा असलेला मीटर म्हणूनच इथं पुरा पडेल असं धरू नका. कॅट ३, १००० व्होल्ट डीसी, आणि वायरीही तेवढ्याच ताकदीच्या.

पॅनलचा करंट मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या भोकातून मोजायच्या फंदात पडू नका. आजच्या मोठ्या पॅनलचा शॉर्ट सर्किट करंट १० च्या वर जातो. डीसी मोजणारा क्लॅम्प (वायर न तोडता तिच्याभोवती घालायचा मीटर) लागतो. आणि कंट्रोलरमधून एसी मोटरकडे जाणाऱ्या वायरींवर साधा मीटर लावला तर आकडा नाचतो, कारण तिथं साइन लहर नसून बारीक तुकड्यांत कापलेली लहर असते. तिथं कंट्रोलरच्या पडद्यावरचा आकडा धरा. योजनेतल्या पंपाला पाच वर्षांची दुरुस्तीची हमी असते, त्या काळात कंट्रोलर उघडू नका.

७. करंटसाठी क्लॅम्प मीटर

मोटरचा करंट पाहायला वायर तोडून मधे मल्टिमीटर लावणं हे पुस्तकातलं काम. वावरात क्लॅम्प मीटर लागतो. मोटर सुरू होताना करंट चालू करंटच्या पाच-सात पट जातो, १० अँपिअरच्या भोकाला ते झेपत नाही. क्लॅम्प एकाच वायरीभोवती घालायचा, तिन्ही वायरींच्या केबलभोवती घातला तर शून्याच्या आसपास दाखवतो आणि नवखा माणूस क्लॅम्प परत करायला निघतो. तिन्ही फेजचे आकडे एकमेकांशी आणि मोटरच्या नेमप्लेटशी ताडून पाहा. स्वस्त क्लॅम्प फक्त एसी मोजतो, सौरसाठी घेताय तर "एसी/डीसी" लिहिलेलं पाहून घ्या.

खरं सांगायचं तर पेटीचंच काम असेल तर मी पहिल्या मल्टिमीटरला अँपिअरचं भोकच नसावं म्हणेन. फ्लूक १०१ तसा आहे : कॅट ३, ६०० व्होल्ट, अँपिअर नाहीच. वायर चुकीच्या भोकात राहण्याचा प्रश्न मिटतो. सोबत एसी क्लॅम्प घेतला की जोडी जमते.

मोटरच्या वाइंडिंगचे ओहम मल्टिमीटरनं पाहता येतात, तिन्ही सारखे आले पाहिजेत. पण बॉडीला करंट उतरतोय का, हे ठामपणे सांगायला मेगर (मोठे व्होल्ट लावून इन्सुलेशन तपासणारं यंत्र) लागतो. मल्टिमीटर दोन-तीन व्होल्टवर तपासतो, ओल्या वाइंडिंगची गळती ५०० व्होल्टला उघडी पडते.

८. कूलर, पंखा आणि भुताचे व्होल्ट

उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून दरवर्षी माणसं जातात, लहान पोरंही. म्हणून कूलरची बॉडी आणि अर्थिंग यांच्यात व्होल्ट मोजायची सवय लावा. इथं एक गोंधळ होतो. मीटरचा आतला रोध सहसा १० मेगाओहम असतो, त्यामुळे अर्थ नसलेल्या पत्र्यावर नुसत्या जवळच्या वायरीच्या प्रभावानंही साठ-ऐंशी व्होल्ट दिसतात. ते खोटे की खरे, हे लो-झेड असलेला मीटर सांगतो. त्याचा रोध कमी असतो, खोटा आकडा कोसळतो आणि खरी गळती टिकून राहते. वायरिंगची कामं धरणाऱ्यानं या सोयीसाठी जास्त पैसे द्यावेत. घरच्या माणसानं मात्र आकडा दिसला की खरा धरावा, प्लग काढावा आणि आधी अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) पाहावा.

पंख्यांसाठी मायक्रोफॅरडची रेंज हवी. छताच्या पंख्याचा कपॅसिटर बहुधा २.५ चा असतो, तो २ च्या आत मोजला गेला की पंखा हळू का फिरतो ते कळतं. सबमर्सिबलच्या पेटीतला कपॅसिटर कितीतरी मोठा, आधी तो नीट डिस्चार्ज करा, मगच मीटर लावा.

९. बाकीचं थोडक्यात

ऑटो रेंज नवख्याला बरी. सेल एए किंवा एएएचा असावा, तो गावच्या किराण्यात मिळतो. ९ व्होल्टचा चौकोनी सेल शोधत तालुक्याला जावं लागतं. पडद्याला दिवा हवा, रात्रपाळीची लाइन असली की पेटी अंधारातच उघडावी लागते. बटण दाबून तापमान, वारंवारता, ट्रान्झिस्टर मोजता येतो म्हणून पाचशे जास्त देऊ नका.

नावं म्हणाल तर नाशिकचे मोटवाने आणि रिषभ, मुंबईकडचे मेको आणि कुसम-मेको, बाहेरचे फ्लूक, युनि-टी, मास्टेक. एकाच कंपनीचा एक मीटर पेटीलायक आणि दुसरा फक्त शिकण्यापुरता असतो, त्यामुळे नावावर न जाता मॉडेलची पुस्तिका वाचा.

१०. दुकानात

नागपूर, अमरावती, अकोल्याला गेलात तर मीटर हातात घेऊनच घ्या. जाताना एक कोरा एए सेल खिशात ठेवा. दुकानात एवढं करा :

दोन्ही टोकं एकमेकांना टेकवा. ओहमवर ०.५ च्या वर दिसलं तर वायरी हलक्या. बझरवर (वायर सलग असली की वाजणारी रेंज) टोकं एकमेकांवर घासून पाहा, आवाज अडखळत किंवा उशिरा येत असेल तर तुटक्या वायरी शोधताना वैताग येईल. कोरा सेल १.५ ते १.६ दाखवायला हवा. मग दुकानदाराचा दुसरा, चांगला मीटर मागून त्याच प्लगला आळीपाळीनं लावा आणि आकडे ताडा. नॉब फिरवताना मधे लोंबकळता कामा नये. पडदा तिरक्या नजरेनं वाचून पाहा, पेटीपुढे माणूस क्वचितच सरळ उभा असतो.

पक्कं बिल घ्या. त्याच मापाचा जादा फ्यूज तिथंच मागा, नंतर तो मिळत नाही आणि लोक तांब्याची तार गुंडाळतात. ती गुंडाळली की कॅटचे सगळे पैसे वाया.

११. पहिल्या दिवशी

सगळं नीट चालू असलेल्या दिवशी आपल्या पेटीत आर-वाय, वाय-बी, बी-आर (आर, वाय, बी ही तीन फेजची नावं) असे तिन्ही आकडे घ्या, मोटर बंद असताना आणि चालू असताना, सोबत तिन्ही फेजचे अँपिअर. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईनं तारखेसह लिहा.

आणि लाइन बंद आहे असं मीटरनं ठरवायचं असेल तर क्रम असा : आधी चालू असलेल्या जागी मीटर लावून आकडा पाहा, मग बंद केलेल्या जागी, मग पुन्हा चालू जागी. मधल्या वेळी शून्य आलं आणि शेवटी आकडा परत दिसला, तरच हात घाला. सेल उतरलेला किंवा वायर आतून तुटलेली असली तरी मीटर शून्यच दाखवतो.